फ्रिजवरचा तारपा

आपण आधी या नर्तकांची कंबर पाहू. फ्रिजच्या दाराला चिकटवायच्या प्लायवूडच्या लहानशा चकतीवर लेसरने वारली चित्रांतल्या तारपा नृत्याचा फेर कोरलेला आहे, आणि त्यातल्या प्रत्येक आकृतीत दोन त्रिकोणांची टोके जिथे एकमेकांना भेटतात, तिथे रेष तपकिरी न राहता काजळासारखी काळी झाली आहे. ही कोणी मुद्दाम दिलेली छटा नव्हे. कोपऱ्याशी वळताना यंत्राची गती निमिषभर मंदावते, किरण तिथे रेंगाळतो आणि लाकूड अधिक खोल जळते. पण या रेंगाळण्यानेच नर्तकांच्या कटीला लचक आली आहे, आणि आपली नजरही नेमकी तिथेच थबकते.

डहाणू-जव्हारकडच्या कुडाच्या भिंतीवर हाच फेर गेरूच्या तांबूस अंगावर तांदळाच्या पिठाने, टोक चावून मऊ केलेल्या काडीने उमटतो. तिथे भिंतीवर काही चढते; इथे प्रकाश लाकडातले थोडे काढून नेतो आणि मागे उरलेल्या जळक्या खाचेतून आपल्यापुढे चित्र उभे राहते. पांढऱ्याचे काळे झाले, तरी फेर फिरतोच! (वारलीला खरे मानवते ते काळ्या ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियमवरचे कोरीवकाम, असे माझे मत, तिथे काळा थर उडून रेष पुन्हा उजळते.) आणि कोरणारा तो किरण तर स्वतः अदृश्यच, 10.6 मायक्रोमीटर तरंगलांबीचा, अवरक्त. असा कार्बन डायऑक्साइड लेसर 1964 साली बेल प्रयोगशाळेतून जगापुढे आणणारे कुमार पटेल जन्माने बारामतीचे, हे कळले की चकतीचा गोडवा आणखी वाढतो.

आता ती उलटी करू. पाठीवरचा लवचीक चुंबकाचा काळा तुकडा कोरीवकाम आटोपल्यावरच चिकटवलेला असतो. लेसरखाली तो करपतो, आणि त्यात पीव्हीसी असेल तर विषारी, यंत्राला गंज आणणारा धूर निघतो. पण या निर्विकार काळ्या पाठीवरही एक नक्षी आहेच: उत्तर आणि दक्षिण ध्रुवांचे अरुंद पट्टे आळीपाळीने असे बसवलेले, की सारी ओढ दाराकडच्या अंगालाच एकवटावी. लोखंडाचा कीस भुरभुरला, तर ते पट्टे रांगोळीच्या रेघांनी उभे राहतात. कीस हाताशी नसला तरी काही अडत नाही. दोन चकत्या पाठीला पाठ लावून सरकवाव्यात: एका दिशेने त्या मुकाट घसरतात, आडव्या दिशेने मात्र टक्‌टक् करीत उड्या घेतात, आणि न दिसणारे ते पट्टे आपल्याला बोटांनी चक्क मोजता येतात.