मोजपट्टी आणि उंबरठा

उच्च शिक्षणात स्त्रियांनी पुरुषांची बरोबरी केली, असे आता आकडेवारीच्या आधारे सांगितले जाते. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ साली स्त्रियांचे नोंदणीचे प्रमाण शेकडा २८.५ होते, पुरुषांचे २८.३. घरात पहिल्यांदा पदवी घेतलेल्या माझ्यासारख्या बाईला हा आकडा सुखावणारच. परंतु तो नेमके काय मोजतो, हे तपासल्याशिवाय त्याचा जयजयकार करणे आपल्याला परवडणारे नाही.

पहिली गोष्ट, हे प्रमाण प्रवेशाचे आहे. शिक्षण पुरे केल्याचे नव्हे. कॉलेजात नाव असलेल्या सर्व वयांच्या विद्यार्थिनींच्या संख्येला १८ ते २३ वयाच्या स्त्रियांच्या संख्येने भागून ते काढतात. दिवाळीनंतर जिचा बाक रिकामा होतो, तिचेही नाव त्या वर्षीच्या पटावर असतेच. दुसरी गोष्ट, बरोबरी कोणाची कोणाशी? त्याच वर्षी अनुसूचित जातींचे प्रमाण २५.९ आणि जमातींचे २१.२ होते. एखाद्या समाजातले स्त्री-पुरुष दोघेही सारखेच मागे राहिले, तरी 'स्त्री-पुरुष समानता' कागदावर पूर्ण भरते. बाईची तुलना तिच्याच झोपडीतल्या पुरुषाशी करायची आणि वाड्याकडे पाहायचेच नाही, अशी ही मोजपट्टी आहे.

देशादेशांची तुलना करताना आणखी एक पट्टी वापरतात. ओईसीडी ही प्रामुख्याने श्रीमंत राष्ट्रांची संघटना, २५ ते ३४ वयाच्या शंभरांपैकी किती जणांनी उच्च शिक्षण पुरे केले, हे मोजते. ही पट्टी अधिक प्रामाणिक आहे, कारण ती पदरात पडलेले शिक्षण मोजते. तरीही दोन वर्षांची पदविका आणि पीएच.डी. तिच्या एकाच बेरजेत बसतात. आणि जपानमधल्या दोन वर्षांच्या कॉलेजांत प्रामुख्याने मुलीच शिकत आल्या आहेत. दक्षिण कोरियात या वयाच्या दहांपैकी सुमारे सात जण उच्चशिक्षित आहेत आणि त्यांत स्त्रिया पुढे आहेत. पण स्त्री-पुरुषांच्या वेतनातली तफावत या संघटनेच्या राष्ट्रांत तिथेच सर्वाधिक आहे. पदवी पोहोचली, पगार पोहोचला नाही.

कोणाच्या पदरात किती शिक्षण पडले, ही माहिती गोळा होते ती घरोघर विचारून. हे विचारणे कसे होते, ते मी घणसोली गावात पाहिले आहे. वडील ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यात कामाला लागले, तेव्हापासून आम्ही या गावात भाड्याने राहतो. एके दिवशी शेजारच्या दारात मोजणीदार उभा होता. सासूबाईंनी सांगितले, "मुलगा बारावी. सूनपण बारावी." सून आत भाकरी थापत होती. ती माझी विद्यार्थिनी, बी.कॉम. झालेली. नंतर मी विचारले, तेव्हा हसून म्हणाली, "मॅडम, हे बारावीच आहेत ना. मग मी जास्त कशी सांगणार?"

हे घर परक्याचे नाही, आपलेच आहे. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे. आणि मोजणीदाराला हाक मारून नोंद दुरुस्त करायला मी तरी कुठे गेले? मला शेजार राखायचा होता. एक पदवी उंबरठ्यावर पुसली गेली आणि मी, प्राध्यापिका, ते ऐकत उभी राहिले.

याच्या उलट बाजू कुमुद पावडे यांच्या 'अंतःस्फोट'मध्ये (१९८१) आहे. संस्कृतमध्ये एम.ए. झालेली दलित स्त्री जगातल्या कोणत्याही कोष्टकात 'उच्चशिक्षित' म्हणूनच मोजली जाईल. परंतु त्या पदवीवर प्राध्यापकी मिळेना. ती मिळाली आंतरजातीय विवाहानंतर, आडनाव बदलल्यावर. मग श्रेय पदवीचे की आडनावाचे? उर्मिला पवार यांचे 'आयदान' (२००३) लग्नानंतर, नोकरी आणि मुले सांभाळत घेतलेल्या शिक्षणाची किंमत सांगते. आपल्या समीक्षेने अशा लेखनात वेदना शोधली, विद्रोह शोधला. ते त्यात आहेच. पण व्यवस्था माणसाचे मोल कसे मोजते, याचीही ती चिकित्सा आहे, हे आपण पुरेसे ओळखले नाही.

जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्याची कसोटी सांगितली. जयंतीच्या फलकांवर आपण ती दरवर्षी लिहितो. ती उंबरठ्याच्या आत आणायची असेल, तर आकड्यांकडे काही प्रश्न मागितले पाहिजेत. प्रवेश घेतलेल्या शंभर मुलींपैकी पदवीपर्यंत किती पोहोचल्या? त्यांची जात कोणती? त्या पदवीने त्यांना काम दिले का? हे प्रश्न सरकारला आणि जगाला विचारायचे आहेत.

स्वतःला विचारायचा प्रश्न मात्र त्याहून अवघड आहे. पुढच्या वेळी मोजणीदार वस्तीत येईल, तेव्हा सुनेला बाहेर बोलवायचे आणि तिचे शिक्षण तिलाच सांगू द्यायचे, एवढे तरी आपल्याकडून होणार आहे का?