चित्रकाराने घेतलेली जबानी

चौकशीची जबानी हा वाङ्मयप्रकार आहे असं मी म्हटलं, तर आमचे प्राध्यापक मित्र चष्मा पुसायला घेतात. पण बँकेत वीस वर्षं खर्डेघाशी केलेल्या माणसाला विचारा. कथानक, रहस्य, पात्रांची उलटीपालटी विधानं, सगळं चौकशीच्या फायलीत असतं. नसतात फक्त चित्रं.

ज्या फायलीत चित्रंही आहेत अशी एक मला ठाऊक आहे. ती १८५२ सालची, जपानातल्या तोसा प्रांतातली. नाव 'ह्योसोन किर्याकु', म्हणजे साधारण 'आग्नेयेकडे वाहत गेल्याची संक्षिप्त हकीकत'. ही संक्षिप्त हकीकत चार भागांत आहे! आमच्या हेड ऑफिसची परिपत्रकंही अशीच संक्षिप्त असतात.

जबानी देणारा मांजिरो, कोळ्याचा पोर. जानेवारी १८४१मध्ये, चौदाव्या वर्षी, चौघांबरोबर मासेमारीला गेला आणि वादळात सापडून एका ओसाड बेटावर पोचला. जूनमध्ये 'जॉन हाउलँड' या देवमासे मारणाऱ्या अमेरिकन जहाजानं पाचांनाही उचललं. कॅप्टन व्हिटफील्डनं पोराला मॅसॅच्युसेट्समधल्या फेअरहेवनला नेऊन शाळेत घातलं. तिथं तो नौकानयन शिकला, पिंपं बनवायला शिकला, मग पुन्हा देवमाशांमागे सातासमुद्रांवर हिंडला. शेवटी कॅलिफोर्नियात सोनं खणून सत्तरएक दिवसांत ६०० डॉलर जमवले. (व्याजाचा दर काय पडतो, ते मी हिशेब करून पाहिलं आणि त्या दिवशी कामात लक्ष लागलं नाही.) त्यातून होडी घेऊन गडी १८५१मध्ये मायदेशी परतला.

मायदेशी म्हणजे थेट कैदेत. तेव्हा देश सोडून जाणाऱ्याला देहदंडाचा कायदा होता. नागासाकीत त्याला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले, ख्रिस्ती नाही हे सिद्ध करायला पवित्र प्रतिमेवर पाय ठेवायला लावला. एखाद्या चित्रानं माणसाची परीक्षा घ्यावी, हा त्याचा चित्रकलेशी आलेला पहिला सरकारी संबंध असावा.

दुसरा बरा निघाला. तोसाच्या दरबारानं जबानीचं काम कावादा शोर्यो या चित्रकाराकडे सोपवलं. हा कानो घराण्याच्या शैलीत शिकलेला, थोडीफार डच विद्या जाणणारा. अडचण अशी की, अकरा वर्षांत मांजिरोची जपानी बोली गंजली होती आणि जपानी लिहिणं-वाचणं त्याला कधी शिकवलंच नव्हतं. शोर्योनं काय करावं? आरोपीला घरी राहायला नेलं! एकानं जपानी अक्षरं शिकवायची, दुसऱ्यानं इंग्रजी. चौकशी अधिकाऱ्यानं असं केल्याचं आमच्या सर्व्हिस रूल्समध्ये तरी कुठं नाही.

आता चित्रांबद्दल. जहाजांची काही चित्रं खुद्द मांजिरोच्या हातची मानतात, आणि मला तीच जास्त आवडतात. समीक्षक म्हणतील, रेघ ताठ आहे, हात कच्चा आहे. असेना! पण ज्याला वादळात शिडावर चढावं लागलंय, तो दोर शोभेसाठी काढत नाही. तो दोर कुठून निघतो आणि कुठं बांधला जातो, हे त्याच्या तळहातांना पाठ असतं. शोर्योचं उलटं. त्याचा कुंचला सराईत, पण अमेरिका त्यानं कधी पाहिलेली नाही. जे काढायचं ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकून. कोळ्याच्या पोरानं मोडक्या बोलीत सांगायचं आणि यानं कागदावर देश उभा करायचा. कुंचला जिथं चाचपडतो तिथं मला हा चित्रकार फार मोठा वाटतो. न कळलेली गोष्ट सुबक करून टाकणं त्याला सहज जमलं असतं, आणि ते तपासायला तोसात होतंच कोण?

मजकुरालाही तीच खोड आहे, काही गाळायचं नाही. मांजिरोच्या जबान्यांत अमेरिकेच्या आगगाडीबरोबर हेही नोंदलं गेलं, की तिथले लोक संडासात पुस्तकं वाचतात. सरकारदरबारी सादर होणाऱ्या कागदात ही माहिती जाऊ देणाऱ्या लेखनिकांना माझा साष्टांग नमस्कार. आमच्या सेक्शनमध्ये ती पहिल्याच मसुद्यात कापली गेली असती.

पुढच्याच वर्षी, १८५३मध्ये, कमोडोर पेरीच्या आगबोटी जपानच्या दाराशी आल्या. अमेरिका म्हणजे काय, ते पाहून आलेल्या माणसाची एकाएकी गरज पडली. काल ज्याचं डोकं जायचं, त्याला एदोत बोलावून सामुराईचा दर्जा आणि नाकाहामा हे आडनाव मिळालं. बढतीची याहून जलद केस माझ्या पाहण्यात नाही. शोर्यो आपल्या प्रांतात चित्रं काढत, विद्यार्थी घडवत राहिला. जहाजं मिळवा, समुद्रावर व्यापार करा, असा सल्ला त्यानं साकामोतो र्योमा या तरुणाला दिला म्हणतात. हा र्योमा पुढं जपानच्या सत्तापालटात गाजला आणि त्यानं खरोखरच जहाजांची कंपनी काढली.

मांजिरो आणि शोर्यो दोघेही १८९८ सालीच वारले. त्यांच्या पुस्तकाच्या हातानं केलेल्या नकला उरल्या आहेत, त्यातली एक फिलाडेल्फियाच्या रोझेनबाख संग्रहालयात आहे. जबानी ज्या देशाबद्दल होती, तिथंच जाऊन पोचली.