सरासरीवर पेरणी होत नाही

शालेय भूगोलाच्या पुस्तकांत एक तक्ता हटकून आढळतो. एका रकान्यात पिकाचे नाव, दुसऱ्यात तापमान, तिसऱ्यात 'आवश्यक पर्जन्यमान'. शेजारच्या पानावर वार्षिक सरासरी पावसाचा नकाशा. दोन्ही जुळवले की कोठे काय पिकेल ते कळले, असा विद्यार्थ्यांचा समज होतो. हा तक्ता खोटा नाही. कोकणात भात आणि देशावर ज्वारी का, याचे ढोबळ उत्तर त्यातून मिळते. पण एखाद्या गावाने यंदा काय पेरावे, हे त्यातून ठरवता येत नाही. ते का ठरवता येत नाही हे पुस्तक सांगत नाही, हा आमचा आक्षेप आहे.

सोलापूर परिसराचे उदाहरण घेऊ. वर्षाची सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर, म्हणजे तक्त्याप्रमाणे ज्वारीला पुरेशी. मग तेथील शेतकरी भारी काळ्या रानात ज्वारी जूनमध्ये का पेरत नाही? कारण जुलै-ऑगस्टचा पाऊस बेभरवशाचा असतो, तर सप्टेंबरमध्ये तो पुन्हा जोर धरतो. म्हणून पावसाळ्यात रान मोकळे ठेवून पाणी मुरवायचे आणि सप्टेंबरच्या मध्यापासून मालदांडीसारखी रब्बी ज्वारी पेरायची, ही तेथली रीत. पीक वाढते ते मुख्यतः जमिनीत साठलेल्या ओलीवर. मीटरभर खोल काळी जमीन पिकाला घेता येईल असे साधारण १५० ते २०० मिलिमीटर पाणी धरून ठेवते. शेजारच्या माळावरील वीतभर मुरमाड जमिनीत त्याचा थोडासाच अंश राहतो. पाऊस एकच, पण पिके वेगळी. तक्त्यात जमिनीच्या खोलीला रकानाच नाही.

दुसरी उणीव काळाची. २०२३ सालच्या मोसमी हंगामात देशात सरासरीच्या ९४ टक्के पाऊस झाला. आकडा फारसा भयावह वाटत नाही. पण जुलैत सरासरीपेक्षा १३ टक्के जास्त पाऊस पडला आणि ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. तूट ३६ टक्के होती. सोयाबीन फुलोऱ्यात येण्याचे आणि शेंगा धरण्याचे हेच दिवस. सप्टेंबरच्या पावसाने बेरीज सावरली, पण सुकलेला फुलोरा परत येत नाही. त्या वर्षी ऑक्टोबरअखेर महाराष्ट्रात ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. हंगामाच्या एका आकड्यात हा खंड दिसत नाही.

तिसरी उणीव गणिताची आहे. समजा, एका ठिकाणी जूनच्या एका आठवड्यात चार वर्षांत अनुक्रमे ०, १०, २० आणि ९० मिलिमीटर पाऊस पडला. सरासरी ३० आली. पण चारपैकी तीन वर्षांत ३० मिलिमीटर पाऊस झालेलाच नाही! सरासरीवर भिस्त ठेवून पेरणारा तीनदा फसेल. पुरेशी ओल होण्याआधी पेरले आणि उघडीप पडली, तर बियाणे-खताचा पैसा मातीत जातो आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा कर्ज काढावे लागते. म्हणूनच ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा आल्याखेरीज पेरू नये, असा सल्ला कृषितज्ज्ञ देतात.

कोरडवाहू शेतीचे संशोधक सरासरीऐवजी 'खात्रीचा पाऊस' काढतात, म्हणजे चारपैकी तीन वर्षे निदान जितका पडतो तितका. हे गणित नववीच्या वर्गालाही जमेल. तालुक्याच्या केंद्रावरील एकाच आठवड्याचे १९ वर्षांचे आकडे मिळवावेत, मोठ्याकडून लहानाकडे मांडावेत आणि पंधरावा पाहावा. १५ भागिले २०, म्हणजे ७५ टक्के शक्यतेचा पाऊस तो हाच. जून ते ऑक्टोबर प्रत्येक आठवड्याचा असा आकडा काढून स्तंभालेख केला, की खंड कोठे पडण्याचा संभव आहे ते दिसू लागते. मूग-उडीद वेळेवर पाऊस आला तरच का घ्यायचे, आणि उशीर झाल्यास बाजरी, सूर्यफूल, तूर यांकडे का वळायचे, ही चर्चा मग वर्गात अर्थपूर्ण होते.

या रीतीलाही मर्यादा आहेत. ७५ टक्के म्हणजे हमी नव्हे. चौथे वर्ष उरतेच. दहा किलोमीटरवरच्या केंद्राचा पाऊस आपल्या शिवाराचा असेलच असे नाही. हवामान बदलत असताना जुने आकडे अधूनमधून नव्याने तपासावेच लागतात. शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक असावा तो याचसाठी.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. मृग, आर्द्रा, हस्त असे पावसाचे हिशेब मांडणारा शेतकरी वर्षाचे तेरा-चौदा दिवसांचे तुकडे करतो. नक्षत्राच्या वाहनावरून पाऊस वर्तवणे आम्हांला मान्य नाही. पण पाऊस किती, याइतकेच तो केव्हा, हेही महत्त्वाचे, हे त्या शेतकऱ्याने ओळखले होते. आपले पाठ्यपुस्तक अजून वर्षाच्या बेरजेपाशीच थांबले आहे. निदान शिक्षकांनी तरी तेथे थांबू नये.