नियम ६.२.४ : एका अपवादाचे वाचन

भारतीय क्रिकेट नियामक मंडळाची नियमावली वाङ्मय म्हणून कोणी वाचीत नाही. परंतु तिच्यातील ६.२.४ हे कलम तसे वाचण्याजोगे आहे. मंडळाच्या सामन्यांत प्रशासकाचे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष व्यापारी हितसंबंध असू नयेत, एवढाच त्याचा मूळ आशय. २००८ मध्ये त्यास पुरवणी जोडण्यात आली : आयपीएल किंवा चॅम्पियन्स लीग टी-ट्वेंटी यांसारख्या स्पर्धा वगळून.

मसुदा म्हणून ही पुरवणी जवळजवळ निर्दोष होय. निषेध जागच्या जागी राहिला आणि त्याचा प्राण तेवढा गेला. 'यांसारख्या' या शब्दाने तर पुढे निघणाऱ्या स्पर्धांचीही सोय झाली. त्याच वर्षी मंडळाचे तत्कालीन खजिनदार एन. श्रीनिवासन यांच्या इंडिया सिमेंट्सकडे चेन्नईचा संघ आला होता. रहिमतपूरच्या बाजूस एखाद्या जत्रेत पंच आपल्याच तालमीतील पठ्ठ्याची कुस्ती सोडवू लागला, तर नियम न वाचताही फड उठेल. येथे सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

मसुदा कोणाच्या हातचा, हा प्रश्न गौण आहे. क्रीडासंस्थेच्या पदरी असलेल्या विधिज्ञाचा अशील कोण, संस्था की तिचे त्या वेळचे पदाधिकारी, हा खरा प्रश्न. झी टेलिफिल्म्स प्रकरणात २००५ मध्ये मंडळ 'राज्यसंस्था' ठरले नव्हते, हा आधार वकिलांजवळ होता. तरीही, मंडळाचे कार्य सार्वजनिक स्वरूपाचे आहे असे म्हणून न्या. ठाकूर व न्या. कलिफुल्ला यांनी २२ जानेवारी २०१५ रोजी पुरवणी रद्द केली. मूळ वाक्यास हात लावण्याची त्यांना गरज पडली नाही.