तबल्याची शाई आणि ध्वनिशास्त्राची पहिली पायरी

बदलापूरहून सकाळी मुंबईकडे निघणाऱ्या लोकलमध्ये भजनी मंडळाचा एखादा डबा हमखास भेटतो. उल्हासनगर-अंबरनाथच्या देवळांत आणि घराघरांत तबला-पखवाज वाजतो. आपल्या वर्गात तबल्याच्या परीक्षा देणारी एक-दोन मुले बहुधा असतातच. हीच मुले बारावीत ताणलेली तार आणि हवेची नळी यांवरची गणिते मुकाट्याने सोडवतात. पाठ्यपुस्तकातला ध्वनी आणि आपल्या बोटांखालचा नाद एकच आहे, हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही.

अंबरनाथच्या अशाच एका विद्यार्थ्याने बी.एस्सी. झाल्यावर आम्हांला विचारले होते, "सर, तबला आणि भौतिकशास्त्र दोन्ही धरून पुढे काही शिकता येईल का?" आम्ही उत्तर दिले, "नोकरीचं बघ, तबला छंद म्हणून ठेव." हे उत्तर व्यवहारी वाटले तरी चुकीचे होते. ते का चुकीचे होते हे आम्हांला एका जुन्या शोधनिबंधाने उमगले. त्या निबंधाचे गुण आणि मर्यादा शिक्षकमित्रांपुढे ठेवाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू.

हा निबंध चंद्रशेखर वेंकट रामन यांचा आहे. 'द इंडियन म्युझिकल ड्रम्स' या नावाने तो १९३४ साली भारतीय विज्ञान अकादमीच्या प्रोसीडिंग्जमध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी १९२० साली रामन आणि शिवकाली कुमार यांनी याच विषयावर 'नेचर'मध्ये एक टिपण दिले होते. म्हणजे प्रकाशाच्या विकिरणावरील १९२८ चा शोध आणि १९३० चे नोबेल पारितोषिक यांच्या आधी आणि नंतरही तबला-मृदंगाचा प्रश्न रामन यांच्या मनात होता.

प्रश्न साधा आहे. तार छेडली की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे स्वरही निघतात. त्यांना संनादी म्हणतात. कानाला स्वर निश्चित वाटतो तो त्यांच्यामुळे. सगळीकडे सारख्या जाडीच्या गोल पडद्याचे तसे नसते. त्याच्या कंपनांच्या वारंवारता १, १.५९, २.१४, २.३०, २.६५ अशा वेड्यावाकड्या प्रमाणात असतात. म्हणून डफाचा आवाज दमदार असला तरी त्यात 'सा' सापडत नाही. मग तबला षड्जात कसा मिळतो?

उत्तर शाईत आहे. मधला भाग जड झाल्यामुळे पडद्याच्या कंपनप्रकारांच्या वारंवारता सरकतात आणि जवळजवळ पूर्णांकी प्रमाणात येतात. रामन यांनी दाखवले की, पडद्याचे पहिले नऊ कंपनप्रकार मिळून पाचच संनादी होतात. पहिल्या दोन संनादींना एकेक प्रकार, तिसऱ्या आणि चौथ्याला दोन-दोन, आणि पाचव्याला तीन. याचा पुरावा त्यांनी कसा मिळवला? पडद्यावर बारीक वाळू भुरभुरून. पडदा जिथे हलत नाही त्या निस्पंद रेषांवर वाळू गोळा होते आणि कंपनाची आकृती डोळ्यांना दिसते.

निबंधाचा मोठा गुण हा की, त्यात वादकाची बोटे प्रयोगाचाच भाग होतात. 'ना' वाजवताना अनामिका शाईच्या कडेवर हलकेच टेकते आणि तर्जनी चाटेवर पडते. टेकलेले बोट निस्पंद रेषा ठरवते. ज्या कंपनांना तिथे हलायचे असते ती दबतात, म्हणजे मूळ स्वर दबतो आणि वरचे स्वर उठून येतात. 'तूं' वाजवताना असे बोट टेकत नाही, म्हणून तिथे मूळ स्वर मोकळा गुंजतो. गुरूने 'हात असा ठेव' म्हणून शिकवलेली गोष्ट इथे भौतिकशास्त्राच्या भाषेत येते. वाळू, बोट आणि कान एवढ्या सामग्रीवर उभा राहिलेला असा प्रयोग शिक्षकाला धीर देणारा आहे.

पण मर्यादाही सांगायला हव्यात. शाई मध्यभागी असते तेव्हाची ही मीमांसा आहे. डग्ग्याची शाई एका बाजूला सरकलेली असते, तिथे ती जशीच्या तशी लागू पडत नाही. नाद उमटतो कसा हे कळते, पण तो क्षणाक्षणाला विरतो कसा, खोडातली हवा त्यात काय भर घालते, हे प्रश्न उरतात. शिवाय या निबंधाचा आधार घेऊन 'आपल्या पूर्वजांना सारे ठाऊक होते' असे म्हणण्याचा मोह होतो. तो आम्हांला मान्य नाही. शाईचे थर घोटणाऱ्या कारागिराला स्वर जुळल्याचे कानाने कळते. तो का जुळतो हे समीकरणाने कळते. ही दोन वेगळी ज्ञाने आहेत. एकाला दुसऱ्याचे नाव दिले की दोघांचाही अपमान होतो.

समीकरणाचे काम पुढच्या पिढीने केले. १९५४ साली बी. एस. रामकृष्ण आणि मनमोहन सोंधी यांनी आतला भाग जड, बाहेरचा हलका असा जोडपडदा मानून गणित मांडले. हेच सोंधी पुढे अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत गेले आणि दूरध्वनीवरचा प्रतिध्वनी घालवण्याच्या तंत्राचे एक प्रमुख संशोधक ठरले. तबल्यापासून दूरध्वनीपर्यंत जाणारी वाट अशी प्रत्यक्षात चालली गेलेली आहे. २००९ मध्येही पडद्याची घनता हळूहळू बदलते असे मानून हा प्रश्न पुन्हा सोडवला गेला. या वेळी एक हेतू संगणकावर तबल्याचा नाद निर्माण करण्याचा होता.

म्हणजे आमच्या विद्यार्थ्याला वाट होती. याच मध्य रेल्वेने कांजूरमार्गला उतरून पवईच्या आय.आय.टी.त जाता येते. तिथे प्रा. प्रीती राव यांच्या प्रयोगशाळेत हिंदुस्तानी गायनाचे आणि तबल्याच्या बोलांचे संगणकीय विश्लेषण झाले आहे. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठाने २०११ साली सुरू केलेल्या 'कॉम्पम्युझिक' प्रकल्पात हिंदुस्तानी आणि कर्नाटक संगीताचाही अभ्यास झाला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पदवीधरांसाठी ध्वनिमुद्रणाचा अभ्यासक्रम आहे. अडचण एवढीच की 'संगीताचे ध्वनिशास्त्र' अशी पाटी दारावर क्वचितच दिसते. ते कुठे विद्युत अभियांत्रिकीच्या, कुठे संगणकाच्या, कुठे चित्रपटाच्या दाराआड असते. विद्यार्थ्याला दार शोधावे लागते, आणि काय शोधायचे हे ठाऊक असले तरच ते सापडते. ते सांगणे आमचे काम होते. सिग्नल प्रोसेसिंग, प्रोग्रॅमिंग आणि गणित पक्के कर, तबला सोडू नकोस, असे आम्ही म्हणायला हवे होते.

ध्वनीचा धडा शिकवाल तेव्हा वर्गातल्या तबलजीला तबला आणायला सांगा. सोबत एक डफ ठेवा. मोबाइलवर वारंवारतेचा आलेख दाखवणारे एखादे मोफत अॅप घ्या. आधी 'तूं', मग 'ना', मग डफावर थाप. तबल्याची शिखरे सारख्या अंतरावर उभी राहतात का आणि डफाची कशी पडतात, हे मुलांनाच मोजू द्या. भजनी मंडळातला पखवाज मिळाला तर डाव्या तोंडाला कणीक लावण्यापूर्वी आणि लावल्यावर स्वर किती उतरतो तेही पाहा. उत्तरे अगदी पूर्णांकी येणार नाहीत. ती का येत नाहीत, हा पुढचा प्रश्न.

उच्च शिक्षणाची पहिली पायरी अशा प्रश्नात असते, आणि ती शाळेतच बांधावी लागते. आमच्याकडून एकदा ती राहून गेली. आता तबला वाजवणारे मूल 'पुढे काय' असे विचारील, तेव्हा आम्ही त्याच्या हाती प्रथम रामन यांचा हा निबंध ठेवणार आहोत.