‘उत्क्रांती’ या संज्ञेची चिकित्सा

१ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटीत चार्ल्स डार्विन व आल्फ्रेड रसेल वॉलेस यांचे लेख एकत्र वाचले गेले आणि निसर्गनिवडीचा सिद्धांत विद्वत्सभेपुढे आला. मराठीत या विचारास ‘उत्क्रांतितत्त्व’ हे नाव पडले. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) त्या नावास हरकत घेतली. संस्कृतात उत्क्रांती म्हणजे जीवाचे देहातून निघून जाणे, अर्थात मृत्यू. सबब गुणविकास, गुणोत्कर्ष वा गुणपरिणाम हे सांख्यांचे शब्द अधिक प्रशस्त, असे त्यांचे मत होते.

शब्दार्थापुरता हा आक्षेप बिनतोड आहे. ब्रह्मसूत्रांतही उत्क्रांतीचा अर्थ तोच आहे. परंतु सुचविलेला उपाय मूळ दोषाहून बरा म्हणता येत नाही. सांख्यांचा परिणामवाद सत्कार्यवादावर उभा आहे: तिळात तेल असते, तसे कार्य कारणात आधीच अव्यक्त रूपाने असते, ते केवळ व्यक्त होते. निसर्गनिवडीत असे काहीही आधीपासून दडलेले नसते. एकाच जातीच्या जीवांत लहानसहान भेद असतात; त्यांतील काही संततीत उतरतात; आणि ज्यांचे भेद त्या त्या परिस्थितीस अनुकूल, त्यांची संतती अधिक टिकते. परिस्थिती पालटली की कालचा गुण आज अवगुण ठरतो. मराठवाड्यातील शेतकरी ज्वारीची टपोरी कणसे बियाण्यासाठी राखून ठेवतो, तेव्हा निवडणारा असतो व त्याचा हेतूही असतो. निसर्गात निवड घडते, निवडणारा नसतो. परिणामवाद आणि निसर्गनिवड यांतील हे अंतर शब्द बदलून मिटणारे नव्हे.

शिवाय ‘उत्कर्ष’ आणि ‘उत्क्रांती’ या दोहोंतील ‘उत्’ हा उपसर्ग वरची दिशा सुचवितो. टिळकांच्या विवेचनात आधार येतो तो हेकेलचा. आणि हेकेलच्या प्रतिपादनात प्रगतीची कल्पना प्रबळ होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

हा दोष एकट्या मराठीचा नाही. अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दूचे कार्यालय विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक वर्षे औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात होते, आणि येथील महाविद्यालयीन शिक्षण उस्मानिया विद्यापीठाच्या छत्राखाली उर्दूतून होत असे. उर्दूतील संज्ञा आहे ‘इर्तिका’. तिचाही मूळ अर्थ वर चढणे असाच. १९५८ साली, म्हणजे त्या लंडनच्या सभेस शंभर वर्षे होत असताना, मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. माध्यमे बदलली, तरी शिडीची प्रतिमा मात्र कायम राहिली.

डार्विनने १८५९ च्या पहिल्या आवृत्तीत ‘इव्होल्यूशन’ हे नाम योजिलेच नाही. त्याचा शब्दप्रयोग फेरबदलांसह होणाऱ्या वंशावतरणाचा आहे. त्यात दिशा आहे ती पूर्वजाकडून वंशजाकडे येण्याची, नीचाकडून उच्चाकडे जाण्याची नव्हे. मानव हे शिडीचे शेवटचे पाऊल नसून एका विस्तीर्ण वृक्षाची एक डहाळी ठरते. जातिजातींत आणि मानववंशांत उच्चनीचतेची उतरंड रचण्यासाठी ज्यांनी या सिद्धांताचा हवाला दिला, त्यांनी त्यावर शिडी लादली होती.

‘उत्क्रांती’ हा शब्द आता रूढ झाला आहे. तो बदलणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. मात्र अध्यापकाने त्यातील ‘उत्’ निरर्थक आहे, हे प्रथमच सांगावे. बापाचे गुण मुलात ‘उतरतात’, असे मराठी माणूस नित्य म्हणतो. डार्विनच्या आशयाशी हे साधे क्रियापद दोन्ही पंडिती संज्ञांहून अधिक प्रामाणिक आहे.