नकली किल्लीची उपमा कोठे अपुरी पडते?

विकरांचे, म्हणजेच एंझाइमांचे कार्य शिकवताना कुलूप-किल्लीची उपमा आपण सर्रास वापरतो. उपमा चांगली आहे, आणि ती शर्करांच्याच अभ्यासातून आली हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे. यीस्टमधील विकर ग्लुकोजच्या एका संयुगाचे विघटन करते, पण केवळ एका बंधाची दिशा बदललेले त्याचे भावंड त्याला चालत नाही. बदामातील इमल्सिनचे नेमके उलट. यावरून एमिल फिशर यांना १८९४ साली ही उपमा सुचली.

औषधासाठी शर्करासदृश रेणू घडवण्याच्या संशोधनाविषयी लिहिताना मात्र हीच उपमा फार ताणली जाते. औषध म्हणजे नकली किल्ली, ती कुलपात अडकून बसते, असे सांगून लेखक मोकळे होतात. आमचा आक्षेप येथे आहे. नक्कल हुबेहूब असेल, तर विकर तिलाही खऱ्या शर्करेप्रमाणे तोडून सोडून देईल. मग ती अडकते कशी?

रत्नागिरीच्या शिक्षकांना उदाहरणासाठी लांब जायला नको. कोकणातील जंगलांत सप्तरंगी नावाचे वेलीसारखे झुडूप वाढते. त्याची मुळी मधुमेहावर दिली जाते. दक्षिण भारत व श्रीलंकेत वाढणाऱ्या त्याच्याच एका भाईबंदातून जपानमधील मासायुकी योशिकावा व सहकाऱ्यांनी १९९७ साली सॅलॅसिनॉल वेगळे केले. पुढे ते सप्तरंगीतही सापडले. याची रचना फळ्यावर काढून पाहावी. ग्लुकोजचे कडे सहा अणूंचे, त्यांतला एक ऑक्सिजन. सॅलॅसिनॉलचे कडे पाचच अणूंचे, आणि ऑक्सिजनच्या जागी धनभारित गंधक! याला नक्कल म्हणायचे तरी कसे?

विकर शर्करेची साखळी तोडत असते त्या क्षणी ग्लुकोजचे कडे काहीसे चपटे होते व त्यावर धनभार येतो. विकराची पकड सर्वांत घट्ट असते ती या क्षणभंगुर अवस्थेवर, हा विचार लायनस पॉलिंग यांनी १९४०च्या दशकात मांडला. सॅलॅसिनॉलवर तसा धनभार कायमच असतो, आणि विकराला तोडता येईल असा बंध मात्र तेथे नसतो. म्हणजे, बऱ्याच अंशी, ही नक्कल शर्करेची नसून ती तुटत असतानाच्या अवस्थेची आहे. किल्लीच्या उपमेत हा क्षण बसतच नाही.

हे कोणा एका शाखेला उलगडले नसते. कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठात मारिओ पिंटो यांच्या गटाने असे रेणू व त्यांत फेरफार केलेले अनेक रेणू तयार केले. मानवी आतड्यातील विकराच्या स्फटिकात ते कसे बसतात, हे डेव्हिड रोझ यांच्या गटाने क्ष-किरणांच्या साहाय्याने पाहिले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संयुक्त कामात कोटॅलॅनॉल या याच कुळातील रेणूवरचा सल्फेट गट काढून टाकल्यावर तो अधिकच प्रभावी ठरला. निसर्गातले तेच सर्वोत्तम, असे मानणाऱ्यांना हा निष्कर्ष रुचणार नाही.

‘मधुमेह समूळ बरा’ अशी जाहिरात करणाऱ्यांना तर यातून काहीच आधार मिळत नाही. हे रेणू स्टार्चचे पचन लांबवतात, त्यामुळे भातातले ग्लुकोज रक्तात सावकाश उतरते, एवढेच. न पचलेला भाग मोठ्या आतड्यातील जीवाणूंच्या वाट्याला जातो व पोटात वायू धरतो. औषधाच्या दुकानात मिळणारी अकार्बोज व व्होग्लिबोज याच तत्त्वावर चालतात.

नववी-दहावीच्या वर्गात एक प्रश्न विचारून पाहावा. इन्शुलिनबरोबर अकार्बोज घेणाऱ्या रुग्णाची रक्तशर्करा एकाएकी उतरली, तर चमचाभर साखर चालेल का? साखर आधी आतड्यात फुटावी लागते, आणि ते काम करणारे विकरच अडवलेले असते. अशा वेळी द्यावे लागते ते ग्लुकोज.